हिराकोटाच्या दारातील मुले

अलिबागेस येणारा पाहुणा समुद्रातला कुलाबा किल्ला पाहतो, किनाऱ्यावर घटकाभर रेंगाळतो आणि परतीची वाट धरतो. गावातच असलेला हिराकोट त्याच्या यादीत सहसा नसतो. कान्होजी आंग्र्यांनी १७२० साली बांधलेल्या या कोटाचे प्रचंड काळे चिरे आजही शाबूत आहेत. फरक इतकाच की, ज्या भिंती शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी उभारल्या गेल्या, त्या आता माणसांना आत ठेवण्याचे काम करतात. तेथे आज रायगडचे जिल्हा कारागृह आहे. मुलाकातीसाठी दारापाशी ताटकळणाऱ्या माणसांत मुलेही असतात. आजीचे बोट धरून आलेली, आईच्या कडेवर पेंगणारी, शाळा बुडवून आलेली. या मुलांनी कोणताही गुन्हा केलेला नसतो. कोणत्याही न्यायाधीशाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिलेला नसतो. तरीही बापाच्या वा आईच्या शिक्षेचा एक मोठा वाटा, कोणी न मोजता, त्यांच्या पदरात पडतो.

तुरुंगसुधारणेची चर्चा आपल्याकडे बरीच होते. बरॅकींतील गर्दी, कैद्यांचे अन्न, त्यांना मिळणारे काम, सुटकेनंतरचे पुनर्वसन यांवर आयोग नेमले गेले, अहवाल लिहिले गेले. परंतु या चर्चेत केंद्रस्थानी असतो तो कैदी. त्याचे मूल या अहवालांत आलेच तर परिशिष्टात येते. वस्तुतः आईबापांशी असलेला मुलाचा संबंध तुरुंगवासाच्या काळात टिकवणे ही कैद्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. तो त्या मुलाचा स्वतःचा हक्क आहे, आणि तो जपण्याची जबाबदारी कारागृहाइतकीच शाळेची, कचेरीची व शेजाऱ्यापाजाऱ्यांची आहे. हा मुद्दा एकदा मान्य केला, म्हणजे पुष्कळशा गोष्टींकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते.

कच्च्या कैद्याचे घर

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. तुरुंगात आहे तो गुन्हेगार, असे आपण सहज म्हणून जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती. त्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे तुरुंगातील दर चार माणसांमागे तिघांचा गुन्हा अद्याप सिद्ध व्हावयाचा होता. जिल्हा कारागृहे तर मुख्यतः अशाच माणसांसाठी असतात. यांपैकी काही निर्दोष सुटतील, काहींना शिक्षा होईल, तर काहींच्या बाबतीत शिक्षा ठरेपर्यंत तिच्याइतके दिवस आतच निघून गेलेले असतील.

मुलाच्या दृष्टीने पाहिले, तर कच्च्या कैदेइतकी अवघड गोष्ट नाही. पाच वर्षांची शिक्षा झाली, तर निदान पाच वर्षे मोजता येतात. ‘तारीख’ मात्र मोजता येत नाही. ती पुढे जाते. बाप पुढच्या महिन्यात येईल, गणपतीला येईल, शिमग्याला येईल, अशा वाद्यांवर मूल दिवस काढते. दुसरीकडे घराची घडी पहिल्याच दिवशी विस्कटलेली असते. होडीवर खलाशी असलेल्या किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्या माणसाची मिळकत अटकेच्या क्षणी थांबते, आणि त्याच क्षणी वकिलाचा व जामिनाचा खर्च सुरू होतो. आई अधिकची मजुरी धरते. धाकट्यांना सांभाळण्यासाठी थोरली मुलगी घरी राहू लागते. शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात. त्या का वाढल्या, हे हजेरीपट सांगत नाही.

रायगडच्या किनाऱ्याची रचना या अडचणीत आणखी भर घालते. नकाशावर जवळ दिसणारी गावे खाड्यांनी तोडलेली आहेत. श्रीवर्धनच्या बाजूच्या एखाद्या गावातून अलिबागेस यावयाचे, तर दिघीला येऊन राजपुरीची खाडी फेरीबोटीने ओलांडावी लागते. आगरदांड्यास उतरल्यावर मुरुडवरून, रेवदंड्यावरून पुढचा रस्ता धरायचा. नाहीतर खाडीला मोठा वळसा घालून माणगावकडून यायचे. दहा वर्षांच्या मुलाला घेऊन निघालेल्या बाईचा सारा दिवस यात जातो. दोघांचे भाडे, बुडालेली मजुरी आणि बुडालेली शाळा एवढी किंमत मोजल्यावर पदरात पडतात ती जाळीआडची काही मिनिटे. पुढे शिक्षा लागून बाप येरवड्यास गेला, तर सुमारे दीडशे किलोमीटरांचे अंतर मध्ये उभे राहते. मग भेटी महिन्यावरून सणावर आणि सणावरून वर्षावर जातात. नाते तुटते ते कोणाच्या दुष्टपणामुळे तुटत नाही, एस.टी.च्या भाड्यापायी तुटते.

‘बोटीवर गेला आहे’

या किनाऱ्यावर मुलाला खोटे सांगणे फार सोपे आहे. म्हसळा, श्रीवर्धन, मुरुड या भागांतील कितीतरी घरांतील कर्ते पुरुष आखाती देशांत नोकरीला आहेत. कोळीवाड्यातले पुरुष मासेमारीच्या हंगामात दिवसचे दिवस दर्यावर असतात. कोणी व्यापारी जहाजावर, तर कोणी मुंबईत. बाप घरी नसणे ही इथे नवलाची गोष्ट नाही. साहजिकच तुरुंगात गेलेल्या माणसाच्या मुलाला ‘बाबा बोटीवर गेले आहेत’, ‘कुवेतला गेले आहेत’ असे सांगितले जाते. सांगणाऱ्याचा हेतू मायेचाच असतो. लेकराच्या कोवळ्या मनाला धक्का बसू नये, एवढीच त्या माउलीची इच्छा असते.

परंतु हे खोटे टिकत नाही. बोटीवर गेलेला माणूस फोन करतो, पैसे धाडतो, येताना बाहुली आणतो. हा बाप यांतले काहीच करीत नाही. कुवेतला गेलेल्या दुसऱ्या मुलाच्या बापाशी मूल मनातल्या मनात तुलना करू लागते, आणि आपला बाप आपल्याला विसरला, असा त्याचा अर्थ लावते. मग एके दिवशी शाळेच्या मैदानात खेळाच्या भांडणात कोणीतरी खरे काय ते ओरडून सांगतो. त्या क्षणी मुलाला दोन धक्के एकदम बसतात. बाप तुरुंगात आहे हा पहिला. आणि आई आपल्याशी खोटे बोलली हा दुसरा. पहिल्या धक्क्यातून सावरण्यासाठी ज्या आईचा आधार घ्यावयाचा, तिच्यावरचाच विश्वास दुसऱ्याने उडवलेला असतो.

यास्तव मुलाच्या वयाला पेलेल इतके, पण खरे सांगणे हेच हिताचे. ‘बाबांवर एक आरोप आहे. तो खरा की खोटा हे न्यायाधीश ठरवतील. तोवर त्यांना एका ठिकाणी राहावे लागेल. तुझ्यामुळे हे झालेले नाही, आणि त्यांना तुझी आठवण आहे,’ एवढी चार वाक्ये सहा वर्षांच्या मुलालाही कळतात. यांतले ‘तुझ्यामुळे नाही’ हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. कारण घरात काही बिघडले, की ते आपल्याच कोणत्या तरी खोडीमुळे बिघडले, असे लहान मुले मानतात.

सन्मानाचा तुरुंग आणि लाजेचा तुरुंग

तुरुंगवासाने नाते तुटलेच पाहिजे असे नाही, याची साक्ष आपल्याच इतिहासात आहे. याच जिल्ह्यातील चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झाला, माणसे मारली गेली, आणि त्यानंतर आसपासच्या गावांतील कितीतरी शेतकऱ्यांना तुरुंगाची वाट धरावी लागली. त्या घरांतील नातवंडे आजही आजोबांच्या तुरुंगवासाची गोष्ट मान ताठ ठेवून सांगतात. मंडालेच्या तुरुंगात १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे काढणाऱ्या लोकमान्यांना पत्नीच्या निधनाची वार्ता १९१२ मध्ये तेथेच सोसावी लागली. त्याही स्थितीत पत्रांतून घरच्या मुलांच्या शिक्षणाची काळजी ते वाहत होते. पंडित नेहरूंनी १९३० ते १९३३ या काळात मुख्यतः तुरुंगातून इंदिरेला लिहिलेल्या पत्रांचा जगाच्या इतिहासावरील एक ग्रंथच झाला. आणीबाणीत मधू दंडवते बंगळूरच्या व प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात होत्या, आणि पतिपत्नींमधला धागा पत्रांनी अखंड राखला. आई आणि मुलगा यांच्या नात्यावरचे जे पुस्तक मराठी घराघरांत पोचले, ते ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगातच लिहिले.

या उदाहरणांवरून काय दिसते? भिंत तीच होती, गजही तेच होते. परंतु या बंदीवानांच्या मुलांना समाजाने सांभाळले. शेजारी दाराशी येत, गुरुजी वर्गात पाठ थोपटीत, पत्र आले की ते चारचौघांत वाचले जाई. चोरीच्या वा मारामारीच्या आरोपावरून आत गेलेल्या माणसाच्या मुलाच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही. त्याच्या घरी येणारे पाय थांबतात. त्याला लिहिता येणारे पत्रही तो लपवून लिहितो. चिरनेरच्या सत्याग्रह्याची आणि खिसेकापूची योग्यता एक आहे, असे कोणी म्हणणार नाही. मात्र त्या दोघांच्या मुलांचे वय एकच आहे, आणि रात्री बापाची आठवण येण्याची रीतही एकच आहे. बापांमध्ये भेद जरूर करावा. मुलांमध्ये तो करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कायदा मुलाच्या बाजूचा आहे

या बाबतीत कायदा समाजाच्या पुढे गेलेला आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली केलेला बालहक्कांचा करारनामा भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला. त्याच्या नवव्या कलमानुसार आईवडिलांपासून दुरावलेल्या मुलाला त्यांच्याशी नियमित व प्रत्यक्ष संबंध ठेवण्याचा हक्क आहे. अपवाद फक्त मुलाच्या हिताला बाध येत असेल तेव्हाचा. हे दुरावणे सरकारने केलेल्या अटकेमुळे झाले असेल, तर आईबाप कोठे आहेत याची माहिती कुटुंबाला देणे हेही सरकारचे कर्तव्य ठरते. इथे हक्काचा धनी मूल आहे, कैदी नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात आईबरोबर तुरुंगात राहणाऱ्या मुलांविषयी सविस्तर निर्देश दिले. अशा मुलाला कैदी मानू नये. अन्न, वस्त्र, औषधपाणी, शिक्षण व खेळ हे त्याला हक्क म्हणून मिळावेत. त्याच्यासाठी पाळणाघर व बालवाडी असावी. जन्मदाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंगाचा उल्लेख येऊ नये. सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ राहू शकते. त्यानंतर ते समाजकल्याण खात्याच्या देखरेखीखाली गेले, तर त्याला आठवड्यातून निदान एकदा आईची भेट घडवून आणावी. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत १,५३७ स्त्रियांबरोबर त्यांची १,७६४ मुले राहत होती. या मुलांची चिंता न्यायालयाने केली, हे योग्यच झाले.

परंतु ही संख्या हजारांत आहे. भिंतीबाहेर राहिलेल्या मुलांची संख्या त्याहून कितीतरी मोठी असणार, हे साडेपाच लाखांवर गेलेल्या कैद्यांच्या आकड्यावरूनच उघड आहे. आठवड्याला एक भेट हा दंडक तुरुंगातून बाहेर काढलेल्या मुलासाठी घालून दिला गेला. जे मूल पहिल्या दिवसापासून बाहेरच राहिले, ज्याची आजी म्हातारी आहे आणि ज्याच्या गावातून अलिबागला यायला अर्धा दिवस लागतो, त्याला आठवड्याला एक भेट कोण घडवणार?

दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २००७ साली एका आईच्या खटल्यात यापुढचे पाऊल टाकले. तीन मुलग्यांची ती आई फसवणुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरली होती. न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांनी असे प्रतिपादन केले की, मुलाचा सांभाळ करणाऱ्या व्यक्तीला शिक्षा ठोठावताना मुलाच्या हिताचा विचार न्यायालयाने स्वतंत्रपणे केला पाहिजे, आणि तुरुंगवास अटळ असेल तर मुलाची व्यवस्था काय हे आधी पाहिले पाहिजे. हे सॅक्स स्वतः वर्णद्वेषी राजवटीत तुरुंगवास भोगलेले होते, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. आपल्याकडेही स्त्रियांना जामीन देण्याबाबत कायद्याने विशेष मुभा ठेवलेली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाने, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याच्या सुटकेची वाट मोकळी केली आहे. जन्मठेप व मृत्युदंडाच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. कोठडीतील प्रत्येक माणसाला १९८७ च्या कायद्यान्वये मोफत वकील मिळू शकतो. ज्या घरात यांतले एकही कलम कोणाला ठाऊक नसते, त्या घरातले मूल मात्र बापाची वाट पाहत राहते.

महाराष्ट्राने दाखवलेल्या वाटा

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत स्थापन झाली. भवानराव पंतप्रतिनिधींसारखा राजा आणि मॉरिस फ्रीडमन यांच्यासारखा पोलंडहून आलेला ध्येयवादी अभियंता यांनी शिक्षा झालेल्या माणसांवर विश्वास टाकला. त्या वसाहतीत कैद्याला शेती करता येई आणि कुटुंबासह राहता येई. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट त्याच प्रयोगातून स्फुरला. आपण चित्रपटातील सहा कैदी लक्षात ठेवले. वसाहतीतल्या घरांत बापाच्या सावलीत वाढलेली मुले मात्र विसरलो. त्या प्रयोगाचे खरे बळ त्या घरांत होते. घर जवळ असलेला माणूस पळून जात नाही, कारण त्याचे सारे काही तेथेच असते.

अलीकडच्या काळात राज्यातील काही मध्यवर्ती कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम झाला. शिक्षा भोगणाऱ्या बंद्यांना त्यांच्या लहान मुलांना जाळीविना भेटता आले, जवळ घेता आले. ज्या बापाला मुलाने वर्षानुवर्षे गजाआडच पाहिले, त्याच्या मांडीवर बसण्याने काय साधते, हे सांगण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. कारागृहांत दूरध्वनीची सोय वाढली आहे. करोनाच्या साथीनंतर दृक्‌श्राव्य मुलाकातही रुळली आहे. राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये येरवड्याच्या बंद्यांसाठी ‘जिव्हाळा’ या नावाने ५० हजार रुपयांपर्यंतच्या कर्जाची योजना सुरू केली. आतल्या कमाईवर घरच्या गरजेसाठी कर्ज काढता यावे, हा तिचा हेतू. तुरुंगातला बापही घर चालवू शकतो, ही जाणीव त्यामागे आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून बंदी आणि त्यांची कुटुंबे यांच्यात काम करीत आला आहे.

तथापि यांतील बरेचसे प्रयत्न मोठ्या शहरांतल्या मोठ्या तुरुंगांपुरते आणि मुख्यतः शिक्षा झालेल्यांसाठी राहिले. खरी गरज आहे ती जिल्ह्याच्या लहान कारागृहात, जेथे माणूस अटक होऊन प्रथम येतो आणि जेथे मुलाच्या मनातली पहिली भीती जन्म घेते.

आक्षेप आणि उत्तर

‘ज्याचा जीव गेला त्याच्या मुलांनी कोणाची गळाभेट घ्यावी?’ असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. बळी पडलेल्याच्या मुलांची उपेक्षा हा आपल्या न्यायव्यवस्थेवरील डाग आहे. त्यांना भरपाई, शिक्षण व आधार मिळालाच पाहिजे. पण एका अनाथ मुलाचे दुःख दुसऱ्या मुलाला अनाथ करून कमी होत नाही. दोन्ही मुले निरपराध आहेत, आणि दोघांसाठीही कारागृहाबाहेरच्या समाजालाच हात पुढे करावा लागेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बापानेच आईचा जीव घेतला असेल, किंवा मुलावरच अत्याचार केला असेल तर? अशा मुलावर भेट लादणे हा त्याच्यावर दुसरा अत्याचार ठरेल. बालहक्काच्या करारनाम्याने मुलाच्या हिताचा अपवाद ठेवला आहे तो याचसाठी. हक्क मुलाचा आहे म्हटल्यावर ‘मला भेटायचे नाही’ असे म्हणण्याचा हक्कही मुलाचाच ठरतो. त्याचे म्हणणे नीट ऐकून घेणारे बालकल्याण समितीसारखे माणूस हवे; नातेवाइकांच्या आग्रहावर वा कैद्याच्या अर्जावर हा निर्णय सोडता कामा नये.

तिसरा आक्षेप बंदोबस्ताचा. भेटीच्या निमित्ताने चिठ्ठ्याचपाट्या, तंबाखू, मोबाइल आत जातील, अशी भीती अधिकाऱ्यांना वाटते, आणि ती निराधार नाही. झडती घ्यावी, नजर ठेवावी. पण भेटीमुळे तुरुंग सैल पडतो म्हणणाऱ्यांनी दुसरी बाजूही पाहावी. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या तुरुंग खात्याने २००३ ते २००७ या काळात सुटलेल्या १६ हजारांहून अधिक कैद्यांचा अभ्यास करून २०११ साली निष्कर्ष मांडला की, ज्यांना आत असताना भेटी मिळत होत्या, त्यांच्यावर पुन्हा गंभीर गुन्हा सिद्ध होण्याची शक्यता १३ टक्क्यांनी कमी होती. मुलांच्या बाजूनेही असाच पुरावा आहे. दक्षिण लंडनमधील ४११ मुलग्यांच्या आयुष्याचा मागोवा १९६१ पासून घेतला गेला. त्यांत आईबापाच्या मृत्यूने वा आजारपणाने दुरावलेल्या मुलग्यांपेक्षा तुरुंगवासामुळे दुरावलेल्यांची पुढची वाटचाल अधिक खडतर झाल्याचे आढळले. दुरावा दोन्हीकडे होता. तुरुंगाच्या दुराव्यात त्याशिवाय कलंक होता, मौन होते आणि आधाराचा अभाव होता. या तिन्ही गोष्टी माणसांनी निर्माण केलेल्या आहेत, म्हणून त्या माणसांना बदलता येतील.

आपल्या हाती काय आहे

सरकारने करावयाच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. अटक करताना ‘घरी लहान मूल आहे काय, त्याच्याजवळ आज रात्री कोण आहे?’ हे दोन प्रश्न पोलिसांनी विचारावेत व नोंदवावेत. उत्तर चिंताजनक असेल, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाला तात्काळ कळवावे. शक्यतो मुलासमोर बेड्या घालू नयेत. कारागृहात महिन्यातून एक दिवस फक्त मुलांच्या भेटीसाठी राखावा, तो शाळेच्या सुटीचा असावा, आणि त्या दिवशी जाळी नसावी. कच्च्या कैद्याच्या मुलालाही तो मिळावा. दूरच्या तालुक्यातून येणाऱ्याला उशीर झाला म्हणून दारावरून परत पाठवू नये. दृक्‌श्राव्य भेटीसाठी आपल्या घरी साधन नसेल, तर तालुक्याच्या विधी सेवा समितीच्या कार्यालयात ते उपलब्ध व्हावे. शिक्षा झालेल्याला संचित रजा वा अभिवचन रजा देताना मुलाच्या परीक्षेचा, आजारपणाचा विचार व्हावा.

शिक्षकांच्या हाती याहून अधिक आहे. एखाद्या मुलाचा बाप आत आहे हे कळल्यावर त्याला वर्गात काही न विचारणे, आणि इतरांनी विचारल्यास त्यांना एकट्याने बोलावून समजावणे, हे फुकट होणारे काम आहे. मुलाकातीच्या दिवसाची गैरहजेरी रजा म्हणून धरावी. प्रगतिपुस्तकाची एक प्रत मुलाच्या पत्रासोबत कारागृहात जाऊ द्यावी, आणि बापाची सही होऊन ती परत यावी. ज्या बापाला गणितातले गुण कळतात आणि ज्या मुलाला आपले गुण बापाने पाहिले हे कळते, त्यांच्यातले नाते केवळ आठवणींवर जगत नाही. त्याला दर सहामाहीस नवे अन्न मिळते. पत्र लिहिण्याचा धडा तर आपण वर्गात शिकवतोच. एका मुलासाठी तो खऱ्या पत्त्यावर जाऊ द्यावा.

कचेरीत बसणाऱ्यांनाही या मुलांची गाठ पडते. उत्पन्नाचा दाखला बापाच्या नावाने, अर्जावर सही बापाची, ‘त्यांनाच घेऊन या’ असे खिडकीतून सांगितले जाते, आणि शिष्यवृत्तीची मुदत टळते. कारागृह अधीक्षकांमार्फत सही व संमती मागवता येते, हे त्या बाईला सांगणारा एक कारकून भेटला, तर मुलाचे एक वर्ष वाचते. संकटात सापडलेल्या कुटुंबातील मुलांना घरगुती वातावरणातच वाढता यावे म्हणून राज्याची बालसंगोपन योजना आहे, आणि २०२३ मध्ये तिचे अनुदान दरमहा १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये करण्यात आले. तिचा अर्ज भरून देण्यास, १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक घरी लिहून देण्यास विद्यार्थीही पुरे पडतील. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या तरुणांनी वर्षातून एकदा किनारा झाडण्याबरोबर एवढे केले, तर बिघडणार नाही.

शेवटी एक साधा हिशेब. शिक्षा कितीही मोठी असली, तरी बहुतेक कैदी एक दिवस बाहेर येतात. आत गेला तेव्हा दहा वर्षांचा असलेला मुलगा तोवर अठराचा होतो. आठ वर्षांत त्यांची ओळख राहिली असेल, तर त्या माणसाला जायला घर असते आणि त्या मुलाला विचारायला बाप असतो. ओळख राहिली नसेल, तर एसटीतून उतरणारा माणूस आणि दार उघडणारा तरुण एकमेकांना परके असतात, आणि दोघांनाही गावात दुसरे कोणी विचारीत नाही. आपल्या राज्याच्या तुरुंग खात्याने ‘कारागृह व सुधारसेवा’ असे नाव धारण केले आहे. यांतील दुसरा शब्द खरा करावयाचा असेल, तर सुधारणेचा आरंभ त्या दहा वर्षांच्या मुलापासून करावा लागेल, आणि तोही पहिल्या तारखेच्या आत.